अंगठा द्यायला एक मिनिट, परत घ्यायला किती खेपा?

(चंदनसार, विरार पूर्व येथे, कामासाठी गावाकडून आलेल्या शेतकरी कुटुंबांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आईबाप अजून गावी ज्वारी-कपाशी करतात. त्यांच्या तपासणीचे रिपोर्ट मात्र इथं, चंदनसारला, मुलाच्या मोबाईलवर येतात. ओटीपी पोराला, दुखणं बापाला. तालुक्याची एक खेप वाचते, सोयीला आमचा विरोध नाही. पण रिपोर्ट म्हणजे माणसाच्या देहाचा सातबारा. तो कोणी पाहावा हे ज्याचं दुखणं त्यानंच ठरवायचं.

ही उगाच घातलेली भीती नव्हे. डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतल्या एका प्रयोगशाळेचे त्रेचाळीस हजारांवर रिपोर्ट इंटरनेटवर सताड उघडे सापडले. त्यात एचआयव्हीचे रिपोर्टही होते, नावानिशी. असं दुखणं गावात फुटलं तर लेकीची सोयरीक मोडते, माणूस दवाखान्याची पायरी चढायचं सोडतो.

आता सरकारी योजना पाहू. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं. त्यात 'आभा' हा चौदा आकडी नंबर मिळतो. तो ऐच्छिक आहे. रिपोर्ट जिथं तयार झाला तिथंच राहतो. दुसऱ्या डॉक्टरला पाहायचा तर तुमची संमती लागते. कोणते कागद दाखवायचे, किती मुदतीपर्यंत, हे तुम्ही ठरवू शकता. दिलेली संमती काढूनही घेता येते. योजना कागदावर चांगली. पण खिडकीवरचा माणूस म्हणतो, "ओटीपी सांगा." आपण सांगतो. कशाला संमती दिली, कोणाला ठाऊक? कोऱ्या स्टॅम्पपेपरवर अंगठा म्हणजे आणखी काय असतं?

२०१७ चा हंगाम आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मग शहाणे म्हणाले, शेतकऱ्यानं सुरक्षा साधनं वापरली नाहीत. त्या उकाड्यात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, तो पोशाख घालून दिवसभर पंप पाठीवर कोण वागवील, हे कोणी विचारलं नाही. जी वापरता येत नाही ती सुरक्षा नव्हे. ती फक्त विकणाऱ्याची सुटका. वेबसाईटच्या तळाशी बारीक इंग्रजीत छापलेल्या अटी याच जातीच्या.

औषधाच्या डब्याकडून एक गुण मात्र घेण्यासारखा आहे. तांबडा त्रिकोण म्हणजे जहाल, हिरवा म्हणजे त्या मानानं सौम्य. अक्षरओळख नसलेल्यालाही तो एकदा सांगितला की कळतो. संमतीच्या पडद्यावर अशी खूण का नसावी?

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी त्याच वर्षी, २४ ऑगस्ट २०१७ ला दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दोन कलमं आपल्या कामाची आहेत. एक, संमतीची सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे. दोन, संमती मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. सातबारावर बोजा चढतो किती लवकर आणि उतरवायला तलाठ्याकडे खेपा किती, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून दुसरं कलम पाठ करा. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि या तरतुदींना तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. पडदे कसे असावेत हे त्या मुदतीतच ठरणार. तेव्हा बोलायचं ते आधीच बोललं पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. मजकूर मराठीत असावा आणि ऐकताही यावा. माहिती मुळात बंद असावी, उघडायची ती मालकानं. "संमती रद्द" हे बटण "संमती" शेजारीच असावं. घरात एकच फोन असतो हे धरून प्रत्येकाच्या कागदांना वेगळं कुलूप असावं. आणि नंबर नाही म्हणून कोणालाही खिडकीवरून परत पाठवू नये.

तोवर आपण एवढं करू. ओटीपी सांगण्याआधी विचारायचं, "कशासाठी? किती दिवसांसाठी?" आणि आईबापाचा रिपोर्ट उघडण्याआधी त्यांनाही विचारायचं. तो हक्क आधी आपल्या घरात पाळला, तरच सरकारकडे मागायला तोंड राहील.