कान हे टेलचं रान

श्रोतेहो, वेळ थोडा आहे, म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. मोबाईलवरचं गाणं नीट ऐकायचं असेल, तर इअरफोनच्या टोकाला जे रबर असतं, ते तुमच्या कानाच्या मापाचं आहे का, हे आधी बघा. पाच-पाच हजारांचा इअरफोन घेणारी माणसंही हे बघत नाहीत. डब्यात बहुधा तीन मापांची रबरं येतात. मधलं आधीच चढवलेलं असतं, ते तसंच राहतं. उरलेली दोन पिशवीसकट खणात जातात आणि दिवाळीच्या साफसफाईत केरात.

मी कासारसाईचा, धरणाजवळच्या गावचा. पाण्याचा हिशेब आमच्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. धरण भरलं, पाटाला पाणी सुटलं, म्हणून कुणी निश्चिंत होत नाही. टेलच्या, म्हणजे पाटाच्या अगदी शेवटच्या रानाला पाणी पोचलं का, हा सवाल असतो. वाटेत पाट फुटला, चारी गवतानं तुंबली, की टेलवाल्याचा ऊस वाळलाच. आवाजाचंही अगदी तसंच आहे. मूळ ध्वनिमुद्रण हे धरण. इंटरनेट, वायर, ब्लूटूथ हा पाट. आणि तुमचा कान हे टेलचं रान. लोक वाद घालतात ते धरणाच्या उंचीवर आणि पाटाच्या रुंदीवर. शेवटच्या सरीचा बांध फुटलाय, तिकडे कुणाचं लक्ष नाही.

धरणाचं आधी उरकून घेतो. सीडीवर सेकंदाला 1411 किलोबिट एवढी माहिती असते. मोबाईलच्या ॲपवर ती बरीच आटवून येते. यूट्यूब म्युझिकमध्ये सगळ्यात कमी दर्जा 48 किलोबिटचा, साधा 128 चा आणि वरचा 256 चा. सेटिंगमध्ये जाऊन वरचा निवडायचा, एवढंच काम. मोबाईल डेटासाठी वेगळा आणि वायफायसाठी वेगळा निवडावा लागतो, हे विसरू नका. आणि व्हॉट्सॲपवर दहा ठिकाणी फिरून आलेल्या व्हिडिओतून काढलेलं गाणं जपून ठेवू नका. त्याच्यावर 320 चा शिक्का मारला तरी गेलेलं परत येत नाही. धरणातच गाळ असेल तर पाट कितीही रुंद करा, रानात गाळच येणार.

आता वायरचा पाट. एक खूण सांगतो. गाणं लावलं आणि वाद्यं ऐकू येतात, पण गाणारा लांब विहिरीत उभा असल्यासारखा वाटतो, किंवा नाहीसाच होतो. लोक म्हणतात, इअरफोन गेला. गेलेला नसतो. पिन पूर्ण आत बसलेली नसते. दोन्ही कानांना सामाईक असलेली जमिनीची जोडणी सुटली, की डाव्या-उजव्यातला फरक तेवढा ऐकू येतो, आणि गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असल्यामुळे तो वजा होतो. कारण बहुतेक वेळा मोबाईलचं जाड कव्हर, नाहीतर भोकात साचलेली खिशातली कापसाची लव. कव्हर काढा. मोबाईल बंद करून लाकडी काडीनं लव हलक्या हातानं काढा, टाचणी घालू नका. ज्या फोनला गोल भोकच उरलं नाही, त्याला सी-टाइपचा जोड घेताना एक विचारा: आत डॅक आहे का? डॅक म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप. काही फोन सी-टाइपच्या भोकातून तयार आवाज देतात, काही नुसते आकडे देतात. दुसऱ्या प्रकारच्या फोनला बिनडॅकचा स्वस्त जोड लावला तर आवाज येतच नाही.

ब्लूटूथचा पाट वायरपेक्षा अरुंद आहे, पण म्हणतात तेवढा वाईट नाही. सगळीकडे चालणारी एसबीसी ही आवाज पाठवायची पद्धत नीट चालली तर सेकंदाला 328 किलोबिटपर्यंत देते. सोनीची एलडॅक 990 पर्यंत जाते. ती 2017 साली अँड्रॉइडमध्ये आली, आयफोनमध्ये नाही, तिथे एएसी असते. फोन आणि इअरबड दोघांनाही एलडॅक यायला हवी, आणि ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये ती चालू आहे का हे बघायला हवं. खरा घात होतो तो माइकमुळे. हिंजवडीला कंपनीच्या बसमधून जाणारी आमची मुलं मीटिंग संपली की गाणं लावतात आणि म्हणतात, आवाज पत्र्याच्या डब्यातून येतोय. माइक चालू असेपर्यंत बहुतेक इअरबड फोनवर बोलण्याच्या पद्धतीवर जातात, आणि ती पद्धत संगीतासाठी केलेलीच नाही. मीटिंग संपली तरी ॲपनं माइक सोडलेला नसतो, म्हणून ते ॲप पूर्ण बंद करा, इअरबड तोडून पुन्हा जोडा. आणि मोबाईल मागच्या खिशात ठेवू नका. ब्लूटूथच्या लहरी आपल्या शरीरातलं पाणी शोषून घेतं, आणि चालता चालता गाणं तुटतं.

हे सगळं केलंत आणि रबर ढिलं राहिलं, तर केलेलं वाया गेलं. म्हणून परत सांगतो. कानात बसणारा इअरफोन हा बंद जागेत हवेचा दाब कमी-जास्त करून खर्जाचा आवाज पोचवतो. फट राहिली की तो दाब बाहेर निसटतो, आणि आधी जातो तो खर्ज. पखवाजाच्या डाव्या अंगाला आम्ही कणीक लावतो, ती कशासाठी? तो धुमा घुमावा म्हणून. भीमसेनजींची संतवाणी लावली आणि टाळ खणखणीत, पेटी स्पष्ट, पण पखवाज नुसता टपटप वाजतोय, तर समजा की तुमच्या कानाशी बांध फुटला आहे.

परीक्षा सोपी आहे. पखवाज किंवा तबला चांगला वाजतो असा अभंग लावा. इअरफोन बोटानं हलकेच आत दाबा. दाबल्याबरोबर डग्गा भरून आला, तर रबर लहान आहे किंवा नीट बसलेलं नाही. बसवताना दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि मागे ओढा, इअरफोन थोडा फिरवत आत घ्या, मग पाळी सोडा. दोन्ही कान एकाच मापाचे असतात असं नाही. डाव्याला मोठं आणि उजव्याला मधलं लावावं लागलं तर लावा, त्यात काही कमीपणा नाही.

लोक काय करतात? खर्ज येत नाही म्हणून ‘बास’ वाढवतात. मग आवाजच वाढवतात. फुटलेल्या बांधावर उपाय म्हणून धरणाचे दरवाजे उघडावेत, तसं. खर्ज तर बाहेरच जातो, आणि टाळांचा, पेटीचा तीव्र आवाज कानावर आदळत राहतो. इथे मला थोडं रागावून बोलू द्या, कारण ही पोरांच्या कानांची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं आहे, की 80 डेसिबलचा आवाज आठवड्यातून 40 तास ऐकावा, त्याहून जास्त नाही. 90 डेसिबलला तीच मर्यादा 4 तासांवर येते. लहान मुलांसाठी पातळी आणखी खाली, 75 डेसिबल. मोठ्या आवाजानं मेलेल्या कानातल्या पेशी पुन्हा नव्या होत नाहीत. रबर नीट बसलं की बाहेरचा गोंगाट आत येत नाही, आणि आवाज आपोआप दोन-तीन टप्पे खाली आणता येतो. चांगलं ऐकणं आणि कान वाचवणं हे एकाच रबरावर आहे.

मात्र एक पथ्य. कान असे बंद करून गाडी चालवू नका. हिंजवडीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या डंपरचा हॉर्न ऐकू यायलाच हवा.

मिरजेच्या तंबोऱ्याबद्दल बोलायचं मनात होतं. 2024 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या जवारीतून निघणारे बारीक स्वर कमी दर्जाच्या फाइलमध्ये आधी कसे मरतात, हे ऐकवूनच सांगायला हवं. पण वेळ संपत आल्याच्या खुणेचा दिवा लागला आहे, ते राहू दे.

जाता जाता मोबाईलच्या दुकानदारांना हात जोडून एक विनंती. काच बसवून देता, कव्हर चढवून देता, तसा इअरफोन विकताना गिऱ्हाईकाच्या हातात आरसा द्या आणि तिन्ही रबरं लावून बघायला सांगा. दोन मिनिटं जातील. आणि आईवडिलांनो, पोराला नवा इअरफोन घेऊन देण्याआधी जुन्याचं रबर तपासा. बहुतेक वेळा नवा घ्यावाच लागणार नाही.