एंजिनाचा श्वास

जबलपूरहून नरसिंहपूरकडे जाताना वाटेत शहपुरा लागते. तेथील एखाद्या गॅरेजात सैन्यातून निवृत्त झालेली जोंगा उभी दिसली, तर ती माहेरच्या अंगणात आली असेच म्हणावे. १९६९ साली स्थापन झालेल्या जबलपूरच्या वाहन निर्माणीत या गाड्या तयार होत. निस्सानच्या आराखड्यावरील या गाडीचे सहा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटरांचे पेट्रोल एंजिन मोठे दमदार, आणि तितकेच तहानलेले. १९९९ साली तिचे उत्पादन थांबले. पुढे लिलावात या गाड्या घेणाऱ्या अनेकांनी मूळ एंजिन काढून डिझेलचे बसविले. एंजिन खरोखर थकले होते की त्याचा कार्ब्युरेटर तेवढा बिघडला होता, याची चौकशी मात्र प्रत्येक वेळी झालीच असेल असे नाही.

कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचा मेळ घालणारे पात्र. नळी जेथे अरुंद होते तेथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि पेट्रोल आपोआप ओढले जाते. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा मिळाली, म्हणजे ज्वलन पूर्ण होते. गाडी उभी असताना मात्र झडप जवळजवळ मिटलेली असते. तेव्हा एंजिन एका बारीक वाटेने श्वास घेते. ती वाट चुकली, की फाटकापाशी थांबलेली गाडी तेथेच बंद पडते.

जाणता मिस्त्री प्रथम कार्ब्युरेटरला हात लावीतच नाही. प्लग, पॉइंट आणि टायमिंग तो तपासतो. गॅस्केटमधून हवा शिरत नाही ना, हे पाहतो. मग एंजिन पुरते तापवून आणि चोक उघडा ठेवून मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवितो. ज्या ठिकाणी फेरे सर्वाधिक आणि स्थिर होतात, तेथे थांबतो. त्यानंतर झडपेच्या स्क्रूने वेग ठरलेल्या मापावर उतरवितो आणि हीच परीक्षा पुन्हा घेतो. स्क्रू कोणत्या दिशेने फिरविल्यास मिश्रण दाट होते, हे बनावटीगणिक निराळे असते. म्हणून ऐकीव ज्ञानापेक्षा कान अधिक विश्वासार्ह. हे काम मोकळ्या जागी करावे. कोंडलेल्या खोलीत धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राण घेतो, आणि त्याला वास नसतो.

पॅडल एकदम दाबताच एंजिन अडखळले, तर कारण निराळे. हवा हलकी, ती तत्काळ धावते. पेट्रोल जड, ते मागे राहते. ती क्षणाची उणीव भरून काढण्यासाठी एक लहानसा पंप असतो. एंजिन बंद करून पॅडलची कांडी हलविली असता आत पेट्रोलची धार दिसली पाहिजे. ती दिसली नाही, तर दोष बहुधा पंपातच.

उतावळा कारागीर झडपेचाच स्क्रू आवळतो. वेग वाढतो, थरथर लपते आणि मालक समाधानाने पैसे देऊन जातो. परंतु आतली रोगट हवा तशीच राहते. पेट्रोल जळत राहते आणि चढावर गाडी दगा देते. अखेर दोष एंजिनाच्या माथी मारून ते भंगारात जाते.

नव्या गाड्यांत हे काम आता संगणक करतो. जुन्या एंजिनांचे आयुष्य मात्र अजूनही पाव फेऱ्यावर थांबणाऱ्या हाताच्या संयमावर अवलंबून आहे.