पावसात पाहावे असे बीड



ऐतिहासिक स्थळे कोरड्या हवेत पाहावीत, असा शहाण्यांचा सल्ला असतो. बीडपुरता तो आम्हांस मान्य नाही. बालाघाटाच्या आश्रयाला वसलेला हा जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाच्या पावसाची सरासरी ७०० मिलिमीटरांच्या आतच. अशा मुलखात पूर्वजांनी जे उत्तम बांधले, ते पाण्याशी नाते ठेवून बांधले. तेव्हा ते पावसातच पाहावे.

गेल्या श्रावणात आम्ही काही स्नेही छत्र्या घेऊन निघालो. प्रथम कंकालेश्वर. हे जुने देऊळ तलावातच उभे आहे. चहूकडे पाणी आणि वरूनही पाणी! मंदिराची मांडणी ताराकृती असल्याने भिंतींना अनेक कोन आहेत आणि पावसात प्रत्येक कोनावरून निराळी धार ओघळते. देवाभोवती पाणी ठेवले, की पाण्यात देव बसवला? कसेही असो, ज्या पाण्यात देव उभा आहे ते गाव आपणहून राखील, एवढा व्यवहार त्यात असला पाहिजे.

वाटेत बिंदुसरा लागली. एरवी पाऊलभर वाहणारी ही नदी. पण १९८९ साली तिने गावात शिरून जो हाहाकार केला, तो वडीलधाऱ्यांना अजून आठवतो. पाणी नसणे आणि पाणी आवरता न येणे, ही दोन्ही संकटे एकाच गावाच्या वाट्याला आली आहेत.

यानंतर खजाना विहीर. मूर्तझा निजामशाहाचा कारभारी सलाबतखान याने १५८२च्या सुमारास ही बांधविली. नगरजवळच्या डोंगरावर ज्याची कबर लोक 'चांदबिबीचा महाल' म्हणून दाखवतात, तोच हा सलाबतखान. बांधणारा कारागीर राजा भास्कर. भुयारी वाटांनी पाणी विहिरीत येते, आणि दुसऱ्या भुयाराने केवळ जमिनीच्या उतारावर शेतांकडे जाते. ना मोट, ना बैल, ना वीज! पैशांचा खजिना वाटून संपतो. हा वाटूनच खजिना ठरला.

याच बीडच्या परिसरात महंमद तुघलकाचा दात पुरून त्यावर घुमट बांधल्याची कथा सांगतात. राजाच्या पडलेल्या दाताला घुमट मिळाला. पण ज्याने पिढ्यान्‌पिढ्या शेते भिजवली, त्या भास्कराचे नाव आपल्या शाळांतल्या किती मुलांना ठाऊक आहे?

मंडळी, वस्तुसंग्रहालयातील वस्तू काचेआड सुरक्षित राहते, कारण तिचे काम संपलेले असते. विहिरीचे तसे नाही. तिचा दगड न्‌ दगड आपण जपला, पण भोवतालच्या जमिनीत खोल खोल बोअर घेऊन झरेच तोडले, तर उरेल ती विहिरीची कबर. वास्तूचे रक्षण म्हणजे पाटी आणि कुंपण नव्हे. जिथे पाऊस मुरतो ते रान, भुयाराची वाट आणि तलावाचा काठ, हे सारे त्या वास्तूचेच भाग होत. ते राखणे एकट्या सरकारी खात्याचे काम नाही. भोवतालच्या शेतकऱ्याचे आहे, नगरवासीयांचे आहे, शिक्षकाचे आहे.

म्हणून आमची विनंती एवढीच, की यंदा पहिला मोठा पाऊस पडला म्हणजे मुलांना घरात कोंडू नका. त्यांना खजाना विहिरीच्या काठावर, जपून, हाताला धरून न्या. आणि हे पाणी कोठून येते, हा प्रश्न त्यांना विचारू द्या. उत्तर देता यावे म्हणून आपणही थोडे शोधू.