पुडीवरचं नाव कुणाच्या मालकीचं?

(बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं, घराच्या उताऱ्यावर लागावं, म्हणून आपण कित्येक वर्षं झगडतो आहोत. आज मी आणखी एका नावाबद्दल बोलणार आहे, मसाल्याच्या पुडीवरच्या नावाबद्दल.

माझ्या माहितीतला बारा जणींचा एक गट. सहा वर्षं त्यांनी मसाला केला. नाव बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. प्रदर्शनात गिऱ्हाईक त्या नावानं माल मागायचं. पुड्या छापून देणारा आणि शहरात माल पोचवणारा व्यापारी एकच होता. त्यानं ते नाव स्वतःच्या नावावर नोंदवलं, दुसरीकडचा मसाला त्यात भरायला लागला आणि वर गटालाच नोटीस धाडली, की आमचं नाव वापरू नका!

कायदा पूर्णपणे बायकांच्या विरोधात नव्हता. ट्रेड मार्क कायदा १९९९ सालचा, लागू झाला २००३ मध्ये. जो आधीपासून सतत नाव वापरतो, त्याचा वापर नंतर नोंदणी करणाऱ्याला थांबवता येत नाही, असं त्यात आहे. नोंदणी रद्द करण्यासाठी अर्जही करता येतो. पण आधीपासून वापरतो हे सिद्ध करायचं कशावर? बिलं नव्हती. जुन्या पुड्या कुणी जपल्या नव्हत्या. कोर्टाच्या फेऱ्या आणि बुडणारी मजुरी कुणाला परवडणार? गटानं नाव बदललं. त्यातल्या एक आजी म्हणाल्या, "लग्नात एकदा नाव बदललं, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता पुन्हा तेच." जुनी गिऱ्हाइकं समजली, गट बंद पडला.

काही कार्यकर्त्या म्हणतात, ब्रँड वगैरे बाजाराची भाषा, ती आपण कशाला बोलायची? मला वाटतं, बाई कांडते, भाजते, निवडते, त्या श्रमांवरचा विश्वास त्या नावात साठतो. ते नाव दुसऱ्याच्या हाती गेलं तर बाई पुन्हा नुसती मजूर उरते. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. 'लिज्जत' हे नाव आलं १९६२ मध्ये. तिथं नाव संस्थेचं आणि संस्था लाटणाऱ्या बहिणींची. म्हणून त्या नावाची कमाई त्यांच्याकडे परत येते.

आता कामाचं बोलू. अन्न परवाना मिळाला किंवा दुकानाची नोंदणी झाली, की नाव आपलं झालं असं अनेकजणी समजतात. तसं होत नाही. ट्रेड मार्कची नोंदणी वेगळी. 'शुद्ध', 'घरगुती', 'चविष्ट' असे मालाचं नुसतं वर्णन करणारे शब्द सहसा नोंदले जात नाहीत. वेगळं नाव शोधा. ते आधी कुणी घेतलंय का, हे ट्रेड मार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं. मालाचे वर्ग असतात. मसाला ३० व्या वर्गात, लोणचं २९ व्या. व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, म्हणजे दोन वर्गांना दुप्पट. नोंदणी १० वर्षं टिकते, मग नूतनीकरण करायचं. नावापुढे 'टीएम' आधीही लिहिता येतं, पण गोलातलं 'आर' नोंदणी झाल्याशिवाय छापलं तर तो गुन्हा होतो. दुसऱ्या कुणाचा अर्ज जर्नलमध्ये छापून आला, की हरकत घ्यायला चार महिने मिळतात.

सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे अर्ज कुणाच्या नावानं करायचा? साधा बचत गट कायद्यानं स्वतंत्र व्यक्ती नसतो. म्हणून सोयीसाठी अध्यक्षबाईंचं किंवा धावपळ करणाऱ्या एखाद्या नवऱ्याचं नाव घातलं जातं. उद्या भांडण झालं की कागदावर मालक तोच. आपल्या संस्थाही यात मागे नाहीत. बायकांच्या मालाचं नाव संस्थेच्या नावावर नोंदवतो आणि बायकांना सांगतही नाही. हे आपण थांबवलं पाहिजे. गटांचा नोंदणीकृत संघ किंवा सहकारी संस्था असेल तर तिच्या नावानं अर्ज करा. नसेल तर सगळ्या सभासदांची संयुक्त मालकी लावता येते का, ते वकिलाला विचारा. सभासद गट सोडून गेली तर काय, हेही आधीच ठरवा.

नोंदणी केली म्हणजे कुणी नक्कल करणारच नाही, असं नाही. पण भांडायची वेळ आली तर हातात कागद असतो. फी भरायला आज पैसे नसतील, तर निदान एक काम या महिन्याच्या बैठकीत करा. नाव कुणाचं याचा ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या. प्रत्येक बिलाची प्रत आणि पहिली छापील पुडी तारीख घालून फाईलला लावा. आणि ती फाईल कुणा भाऊंकडे नको, गटाच्या पेटीत ठेवा.