एका डॉलरचा करार

टेनिस आपल्यातली बहुधा कुणी खेळलेली नाही. तरी आज बिली जीन किंगची गोष्ट सांगायला आम्ही बसलो आहोत, कारण ती मजुरीची गोष्ट आहे.

बिली जीन अमेरिकेची, वडील आगीच्या बंबावर नोकरीला. शेजाऱ्यांची कामं करून तिनं पहिली रॅकेट घेतली. १९६८ साली ती विम्बल्डन जिंकली, मिळाले ७५० पौंड. पुरुषांत जिंकला त्याला २०००. खुरपणीला बाईला एक दर आणि गड्याला दुसरा, हे आपल्याला काय नवं!

१९७० मध्ये ह्यूस्टन शहरात नऊ जणींनी एकेका डॉलरचा करार करून वेगळी वाट धरली. टेनिस संघटनेनं त्यांना निलंबित केलं. पैसा सिगारेट कंपनीनं दिला, ते आम्हाला काही रुचत नाही; पण त्यावर त्यांच्या स्पर्धा उभ्या राहिल्या.

१९७२ ला अमेरिकी ओपन जिंकून तिला १०,००० डॉलर, पुरुषाला २५,०००. बक्षीस सारखं नसेल तर पुढच्या वर्षी येणार नाही, असं तिनं सांगून टाकलं.

१९७३ च्या जूनमध्ये लंडनच्या एका हॉटेलात साठेक खेळाडू जमल्या. मध्येच कुणी उठून जाऊ नये म्हणून बिली जीननं बेट्टी स्टोव्ह या धिप्पाड खेळाडूला दार लावायला सांगितलं. महिला टेनिस संघटना तिथंच स्थापन झाली. आपल्या गटाच्या बैठकीतून चहा होताच निम्म्या जणी उठतात, तेव्हा आम्हाला हे दार आठवतं.

त्याच वर्षी अमेरिकी ओपनचं बक्षीस सारखं झालं. विम्बल्डनला २००७ साल उजाडलं. तोवर बिली जीन ६३ वर्षांची झाली होती.