जे खेळत नाहीत ते



अध्यक्षपदाचा मान दिलात, मनापासून आभार. अधिवेशन अमरावतीत होतंय हे फार छान झालं. 1914 साली वैद्य बंधूंनी इथे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला आणि 1936 साली इथलं पथक बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी थेट जर्मनीत जाऊन कबड्डी आणि आपल्या देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. आपल्या शारीरिक शिक्षणाच्या व्यवसायातल्या माणसानं या गावात पादत्राणं बाहेर काढूनच यावं. यजमान महाविद्यालयानं राहण्या-जेवणाची चोख व्यवस्था ठेवली आहे. काल रात्रीच्या पिठलं-भाकरीबद्दल तर स्वतंत्र ठराव मांडायला हवा.

कार्यकारिणीनं मला विषय दिला होता, ‘महाविद्यालयीन स्तरावरील शारीरिक क्षमता व आरोग्यशिक्षण : सद्यःस्थितीचा आढावा’. आढावा मी लिहिला आहे. तुमच्या फाइलमध्ये तो छापील स्वरूपात आहे, नवीन शैक्षणिक धोरण, सहअभ्यासक्रमाचे दोन श्रेयांक, फिट इंडिया, योगदिन, सगळं त्यात आलं आहे. परतीच्या गाडीत वाचा. हा माइक हातात यायला माझी उभी नोकरी गेली. त्यामुळे आता मला जे बोलायचं आहे ते बोलते.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरलं की डाव्या हाताला काचेचं कपाट असतं. तुमच्याकडे उजव्या हाताला असेल. त्यात ढाली, चषक, विद्यापीठाच्या संघाबरोबरचे फोटो. मूल्यांकन समिती आली की त्या कपाटाची काच पुसली जाते आणि आपल्याला इस्त्रीचा ट्रॅकसूट घालून शेजारी उभं केलं जातं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत किती पदकं? विद्यापीठाच्या संघात किती? अश्वमेध क्रीडास्पर्धेला किती गेले? आपलं वर्ष या तीन प्रश्नांत मोजून होतं. तीन हजार पटाच्या महाविद्यालयात या प्रश्नांच्या उत्तरात येणारी मुलं किती असतात? शंभर धरा, मी भांडणार नाही. राहिलेल्या एकोणतीसशे मुलांचं मी काय केलं, हे मला आजवर एकाही समितीनं, एकाही प्राचार्यांनी, एकाही पालकानं विचारलेलं नाही.

आणि ती शंभर मुलं तरी आपण घडवतो का? स्पष्ट बोलते, राग आला तर येऊ द्या. कुस्तीचा पोरगा गावच्या तालमीतून तयार होऊन येतो. खो-खोची मुलगी शाळेतल्या बाईंनी तयार केलेली असते. काही ठिकाणी तर चांगला खेळाडू हेरून, फी माफ करून, बारावीनंतर उचलून आणला जातो आणि वर्षअखेरीला ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून त्याचा फ्लेक्स लागतो. आपण त्याला किट देतो, प्रवासभत्ता देतो, अर्जावर सही करतो. हे काम हलकं नाही, करायलाच हवं. पण जो आपल्याशिवायही खेळलाच असता, त्याच्या नावावर आपण पगार घेतो. आणि जिला आयुष्यात आपल्याखेरीज दुसरं कुणी ‘जरा हात वर कर बघू’ म्हणणार नाही, ती मुलगी जिमखान्याच्या दारावरून तीन वर्षं नुसती जात-येत राहते.

तालुक्याच्या महाविद्यालयातली मुलगी कशी असते ते शहरातल्या सहकाऱ्यांसाठी सांगते. पहाटे उठून पाणी भरलेलं असतं, भाकऱ्या थापून झालेल्या असतात. सव्वासातची एसटी चुकली तर पुढची दहाला. पोटात चहा, फार तर चहात बुडवलेला एखादा टोस्ट. सलवार-कमीज, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी पक्की केलेली, पायात पट्ट्याची चप्पल. आमच्या इमारतीत मुलींसाठी कपडे बदलायची खोली होती, तिथे परीक्षा विभागानं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले होते. या मुलीला मी ट्रॅकपँट घालून सकाळी साडेसहाला मैदानावर ये म्हणणार, आणि ती आली नाही की ‘मुलींमध्ये रुचीच नाही’ असा अहवाल लिहिणार! असे अहवाल मी ढिगानं वाचले आहेत.

एकदा एरोबिक्सच्या तासाला अशीच एक मुलगी दहाव्या मिनिटाला खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. पाणी दिलं, सावलीत बसवलं आणि दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठच्या जवळपास. बारा असायला हवं. मग मी पुढच्या आठवड्यात अख्ख्या वर्गाची तपासणी करवून घेतली आणि तो कागद हातात धरून बराच वेळ नुसती बसून राहिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी सांगते की देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत 57 टक्के रक्तक्षयी आहेत. आकडा मी आधी वाचलेला होता. वर्गाच्या हजेरीपटावर, एकेका नावासमोर तो पाहणं ही निराळी गोष्ट असते. त्या वर्षी मी एरोबिक्सच्या आधी वर्गात शेंगदाणे-गुळाचे लाडू वाटले, लोहाच्या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या आणि लगेच चहा प्यायचा नाही हे शिकवलं. एका वरिष्ठ सहकाऱ्यानं विचारलं, ‘मॅडम, हे गृहविज्ञानाचं काम नाही का?’ मी म्हटलं, गृहविज्ञानाच्या मॅडमना विचारा, त्यांनी मला हे शारीरिक शिक्षणाचं काम आहे म्हणून सांगितलंय.

आता कालच्या परिसंवादाकडे येते. दोन तास वाद रंगला, एरोबिक्स की सूर्यनमस्कार? एका बाजूनं झुंबा म्हणजे पाश्चात्त्य थेर, दुसऱ्या बाजूनं योग म्हणजे म्हाताऱ्यांचा व्यायाम. सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते म्हणून औंधच्या पंतप्रतिनिधींचं नाव निघालं, कुवलयानंदांचं निघालं, टाळ्याही पडल्या. कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं ते योगाची प्रयोगशाळेत तपासणी करायला, हे मात्र टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी बोललं नाही. आणि डॉ. केनेथ कूपर हे अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर. 1968 च्या त्यांच्या पुस्तकामुळे एरोबिक्स जगभर गेलं. त्यात रंगीत चड्ड्या नव्हत्या, डीजे नव्हता. माणसानं धावावं, चालावं, पोहावं, सायकल मारावी. हृदय आणि फुप्फुसं किती वेळ कामाला लागली ते बघावं, इतकंच त्यांचं म्हणणं. संगीत नंतर आलं.

माझ्यापुरता हा वाद एका दुपारी मिटला. तास चालू होता, लाइट गेली, स्पीकर बंद पडला. मुली हसायला लागल्या, पांगायला लागल्या. कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा व्हरांड्यात उभा होता, लग्नसराईत हलगी वाजवून घर चालवणारा. त्याची हलगी सायकललाच बांधलेली होती. ‘मॅडम, वाजवू का?’ म्हणाला. गॅदरिंगच्या लेझीमा सामानाच्या खोलीत गंजत पडल्या होत्या, त्या बाहेर काढल्या. आधी सावकाश, मग दुडकी, मग त्या पोरानं असा काही ठेका धरला की ओढण्या पिनांसकट सुटल्या. थांबवून मी सगळ्यांना मनगटावर दोन बोटं ठेवायला सांगितली आणि घड्याळ लावलं. दहा सेकंद. बहुतेकींचे तेवीस-चोवीस ठोके भरले. 220 मधून वय वजा करून मिनिटाचे कमाल ठोके काढण्याचं ढोबळ सूत्र घ्या. एकोणीस वर्षांच्या मुलीला दहा सेकंदांत वीस ते सत्तावीस ठोके म्हणजे कूपरसाहेबांना हवा तसा व्यायाम. लेझीम देशी की विदेशी, झुंबा संस्कृतीत बसतो की नाही, हे नाडीला कळत नाही. चार रुपयांची साधनं नसतानाही तास होतो. तेव्हापासून मी हा वाद कुणाशी घालत नाही, आणि कालही म्हणूनच चहा प्यायला बाहेर गेले होते.

त्या दिवशीची आणखी एक गोष्ट. पन्नास-साठ मुली दोन बोटं मनगटावर ठेवून, ओठ हलवत आकडे मोजत उभ्या होत्या. निम्म्यांना नाडी सापडतच नव्हती. एक घाबरून म्हणाली, ‘मॅडम, माझी बंद आहे.’ मी तिची बोटं अंगठ्याखाली सरकवली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. स्वतःच्या शरीराशी तिची ती पहिलीच ओळख असावी. आपल्या अभ्यासक्रमात शरीररचनेचं प्रकरण आहे, क्रीडांगणाची मापं आहेत, ऑलिम्पिकचा इतिहास आहे. नाडी कुठे लागते हे फार तर एका ओळीत असेल.

दुसरा वाद गुणांचा. श्रेयांक आले म्हणजे गुण आले. गुण कशाचे? काही जण म्हणतात, शंभर मीटरचं कोष्टक लावा. लावा! जो आधीच पळतो त्याला पैकीच्या पैकी आणि जो कधी पळला नाही त्याला काठावर पास. माझ्याकडे एक मुलगा डॉक्टरांचा दाखला घेऊन आला होता, व्यायामातून सूट मिळावी म्हणून. शंभर किलोच्या आसपास वजन, शाळेत सगळे ‘हत्ती’ म्हणायचे हे त्यानं स्वतःच सांगितलं. सूट दिली नाही. दाखला लिहिणाऱ्या डॉक्टरांशीच फोनवर बोलून चालण्यापुरती परवानगी मात्र घेतली. बारा मिनिटांत तो किती चालतो ते जूनमध्ये मोजलं, मार्चमध्ये पुन्हा मोजलं आणि मधल्या वाढीवर गुण दिले. वजन फारसं उतरलं नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी चमत्कार सांगतेय. पण तिसऱ्या मजल्यावरच्या अकाउंट्सच्या वर्गात तो न थांबता चढायला लागला. शंभर मीटरच्या कोष्टकात या जिन्याला जागा आहे का?

तिसरा मुद्दा पोलीस भरतीचा, कारण ग्रामीण भागात ‘फिटनेस’ म्हणून जे काही उरलंय ते तेवढंच. पहाटे पाचला राज्यमार्गाच्या कडेनं मुलं-मुली अंधारात धावतात, ट्रकचे दिवे अंगावर घेत. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळा. महाविद्यालयाचं मैदान असताना ही पोरं डांबरी रस्त्यावर का? कारण मैदानात सभेचे मांडव पडलेले असतात, खांबांचे खड्डे तसेच असतात आणि फाटकाची चावी शिपायाकडे असते. मग गल्लीतल्या ‘अकॅडमी’वाला त्यांना पावडरीचे डबे विकतो, कुणी इंजेक्शनही टोचतो. भरती झाली की धावणं बंद, आणि दोन वर्षांत पोट सुटतं. या मुलांना आयुष्यभर शरीर कसं सांभाळायचं हे सांगायला आपण तिथे नव्हतो, कारण आपण झोनल स्पर्धेच्या प्रवेशिका भरत होतो.

योजना येत नाहीत असं नाही. जनरल जगन्नाथराव भोसल्यांनी 1954 साली राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली, 1965 साली ती राष्ट्रीय फिटनेस कोअरमध्ये विलीन झाली. आज माझ्या विद्यार्थ्यांना यातलं एकही नाव ठाऊक नाही. अनुदानातून आलेली ट्रेडमिल मी एका महाविद्यालयात पाहिली. उद्घाटनाच्या नारळाचं पाणी वाळून डाग पडलेला, आणि पट्ट्यावर कारखान्याचं प्लास्टिक जसंच्या तसं. खोलीला कुलूप. का, तर मुलं बिघडवतील.

तुम्ही म्हणाल, आमच्यातले निम्मे तासिका तत्त्वावर आहेत, एका माणसानं तीन हजार मुलं कशी बघायची? मान्य आहे, आणि रिक्त पदं भरा हे आपण सरकारला ओरडून सांगायलाच हवं. पण पदं भरली तरीही एक अडचण उरतेच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. दोन तासिकांत तो कुणाच्या बापालाही पुरा करता येणार नाही. म्हणून आपल्या तासात घाम काढण्यापेक्षा, बाकीचे पाच दिवस घरी, शेतात, एसटीच्या थांब्यावर काय करायचं ते शिकवावं लागेल.

त्यासाठी काही कामं करायला हवीत. आपल्या मुलामुलींच्या क्षमतेची जिल्हावार मापं जमवायला हवीत, परदेशी कोष्टकं किती दिवस वापरणार? सलवार-कमीजमध्ये, व्हरांड्यात, वीस मिनिटांत होणाऱ्या व्यायामांची एक छोटी पुस्तिका करायला हवी. मुलींसाठी एक तास आणि एक खोली. समित्या नेमू, कुणी काय करायचं ते दुपारी बोलू.

एक गोष्ट मात्र दुपारवर ढकलत नाही. आपल्या वार्षिक अहवालाच्या नमुन्यात पदकांच्या रकान्याच्या वर एक नवा रकाना यावा : कोणत्याही संघात नसलेल्या किती विद्यार्थ्यांची क्षमता वर्षात दोनदा मोजली, आणि किती जणांची वाढली. असा ठराव मी आजच्या खुल्या अधिवेशनात मांडते आहे. सकाळी नाश्त्याच्या वेळी दोन ज्येष्ठ मित्रांनी सांगितलं, ‘मॅडम, भावना चांगली आहे, पण यानं आपलेच आकडे उघडे पडतील.’ ते सभागृहात आहेत. त्यांनी हेच माइकवर येऊन बोलावं, म्हणजे इतिवृत्तात त्याची नोंद राहील. सूचक म्हणून माझं नाव लिहिलेलं आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे.