गाडी सोडून जाताना



साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान ह्यांच्या पंक्तीला विम्याच्या पॉलिसीतील एका अटीला बसवण्याचे धाडस चालकांनी केले, ह्याबद्दल प्रथम त्यांचे आभार. विषय रुक्ष आहे, हे आम्ही आरंभीच कबूल करतो. परंतु पोटाचे विषय बहुधा रुक्षच असतात, आणि म्हणूनच ते वकिलांच्या आणि कारकुनांच्या हाती राहतात. ते चारचौघांत आणून उलगडणे, हेही व्याख्यानमालेचेच काम आहे, अशी आमची समजूत आहे.

मोटार-कामगारांच्या संघटनेत आमचे आयुष्य गेले. तेथे येणारी एक तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. ड्रायव्हर गाडी कडेला लावून खाली उतरला, चहाला, अंघोळीला, पत्ता विचारायला किंवा मेस्त्री आणायला. परत येऊन पाहतो तो गाडी जागेवर नाही. विमा कंपनी मालकाला म्हणते, 'तुमच्या माणसाने गाडी बिनराखणीची सोडली, सबब क्लेम नामंजूर.' मालक ड्रायव्हरला म्हणतो, 'तू गाडी सोडलीस, आता भरून दे.' पॉलिसी ड्रायव्हरने कधी पाहिलेली नसते, तिच्यावर त्याची सही नसते, तिचा पैसा त्याला मिळायचा नसतो. पण तिच्यातील एक अट मोडल्याचा आरोप मात्र त्याच्या माथी येतो.

आता हा प्रश्न केवळ ट्रकवाल्यांचाही उरलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. ज्या गाडीत झोपायचे, स्वयंपाक करायचा आणि फिरायचे, अशी गाडी घेऊन सुखवस्तू कुटुंबे आता समुद्रकाठी मुक्काम करतात. चाकांवरचे घर ही त्यांना नवलाई वाटते. आमचा ट्रक-ड्रायव्हर पिढ्यान्‌पिढ्या अशाच घरात राहत आला आहे. फक्त त्याला कोणी पर्यटक म्हटले नाही. आणि अशा प्रत्येक घराचा प्रश्न एकच आहे: माणूस गाडीपासून किती दूर गेला, किती वेळ गेला आणि काय करून गेला, म्हणजे गाडी 'सोडली' असे म्हणायचे?

प्रथम राखण ह्या शब्दाचा अर्थ पाहू. शेतकरी ज्वारीच्या शेतात माळा घालून बसतो. तो प्रत्येक कणसापाशी उभा नसतो. पण सारे शेत त्याच्या नजरेत असते आणि पाखरांचा थवा उतरला तर त्याची गोफण तेथवर पोहोचते. नजर आणि गोफण, ही दोन असली म्हणजे शेत राखले गेले. तोच शेतकरी माळ्यावर गाढ झोपला, किंवा जागा असून गोफणीचा दगड पोहोचणार नाही इतक्या दूर गेला, तर तो गावात असूनही शेत बिनराखणीचे.

इंग्लंडमधील न्यायालय १९६२ मध्ये नेमके ह्याच कसोटीवर आले. जडजवाहीर घेऊन फिरणारा एक विक्रेता रस्त्याकडेला मोटार थांबवून लघुशंकेसाठी ३७ यार्ड दूर गेला. तेवढ्यात माल चोरीस गेला. मोटार बिनराखणीची असताना झालेली चोरी पॉलिसीतून वगळलेली होती. लॉर्ड डेनिंग ह्यांनी जी कसोटी लावली तिचा आशय असा की, गाडीला कोणी हात लावू लागला तर ते दिसेल अशा ठिकाणी माणूस हवा, आणि तो प्रकार रोखता येण्याची वाजवी शक्यताही त्याच्यापाशी हवी. विक्रेता ह्या कसोटीला उतरला नाही. पुढे २००१ मध्ये तेथल्याच अपील न्यायालयापुढे पेट्रोलपंपावरचे प्रकरण आले. पैसे द्यायला मालक आत गेला, किल्ली गाडीतच होती, चोराने गाडी पळवली. किल्ली गाडीत राहिल्यास चोरीची भरपाई नाही, असे पॉलिसीत लिहिले होते, मालक हरला. पंपावर माणसे होती, उजेड होता, इंजिन बंद पाडणारे यंत्र होते; ह्यांपैकी काहीही उपयोगी पडले नाही.

इंग्लंडमधील ह्या पॉलिसींत नेमके शब्द होते. आपल्या देशातील मोटारींच्या प्रमाण पॉलिसीची भाषा निराळी आहे, आणि हा फरक ज्याने त्याने समजून घ्यावा असा आहे. आपल्या पॉलिसीची अट सांगते की, विमेदाराने गाडीचे नुकसान व हानी टाळण्यासाठी सर्व वाजवी उपाय योजावेत. त्याच अटीत पुढे असे आहे की, अपघात किंवा बिघाड झाल्यास, पुढील नुकसान टळेल अशी योग्य खबरदारी घेतल्यावाचून गाडी बिनराखणीची सोडू नये. 'गाडी कधीच सोडू नका' असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. 'खबरदारी घेतल्यावाचून सोडू नका' असे म्हटले आहे. कंपनीचा माणूस पहिले वाक्य ऐकवतो. कागदावर दुसरे असते. तंटा उभा राहतो तो ह्या दोन वाक्यांतील अंतरावर.

आता 'वाजवी' म्हणजे काय? कायद्याने येथे फूटपट्टी दिलेली नाही. त्या जागी, त्या वेळी, त्या परिस्थितीत शहाणा माणूस जे करील ते वाजवी. कसारा घाटात रात्री आस तुटला, तर शहाणा माणूस काय करील? गाडी शक्य तितकी कडेला घेईल, हातब्रेक लावून चाकांना दगड लावील, धोक्याचे दिवे व त्रिकोण लावील, किल्ली खिशात घालील, दारे बंद करील आणि क्लीनर असेल तर त्याला गाडीपाशी बसवून स्वतः मदत आणायला जाईल. एवढे करूनही चोरी झाली, तर गाडी बिनराखणीची सोडली असे म्हणणे हा अन्याय होय. यातील काही गोष्टी तर मोटार वाहन कायदा, १९८८ ह्यानेच सांगितल्या आहेत. कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवताना परवानाधारक माणूस चालकाच्या आसनावर तरी असावा, नाही तर यंत्र बंद करून ब्रेक लावून गाडी आपोआप चालणार नाही अशी तजवीज तरी केलेली असावी. कलम १२७ सांगते की, दहा तास किंवा अधिक काळ बिनराखणीची पडून राहिलेली गाडी पोलीस उचलवू शकतात.

सर्वोच्च न्यायालयाने ह्या अटीचा अर्थ कसा लावला? २०२३ मधील एका प्रकरणात ट्रकचा ड्रायव्हर पत्ता विचारायला खाली उतरला. किल्ली गाडीतच राहिली आणि ट्रक गेला. कंपनीने निष्काळजीपणाचे कारण दाखवून क्लेम फेटाळला. ड्रायव्हर उतरणे आणि चोरी लक्षात येणे ह्यांत फार थोडा वेळ गेला होता. तेवढ्यावरून चोराला उघड आमंत्रण दिले असे म्हणता येत नाही, ही भूमिका न्यायालयाने मान्य केली आणि ७५ टक्के रक्कम देवविली. ह्याला विम्याच्या भाषेत 'नॉन-स्टँडर्ड' तडजोड म्हणतात: अट मोडली खरी, पण कराराचा पायाच उखडला असे नाही, म्हणून रक्कम कमी होते, शून्य होत नाही. २००८ आणि २०१० मधील निकालांपासून हे तत्त्व चालत आले आहे. कंपनीने 'नामंजूर' असा शिक्का मारला म्हणजे सगळे संपले, असे समजून घरी बसणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी आणि त्यांच्या ड्रायव्हरांनी हा निकाल ध्यानात ठेवावा.

परंतु ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाही तर आम्ही आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात गाडी जोधपूर येथे मुक्कामाच्या जागेबाहेर उभी असताना २०११ च्या जुलैत चोरीस गेली. गाडी उभी करण्यात काही चूक नव्हती. पण तिची तात्पुरती नोंदणी १९ जुलैला संपली होती आणि चोरी २८ जुलैला झाली. नोंदणीवाचून गाडी रस्त्यावर आणणे हाच कराराचा मूलभूत भंग, असे ठरून मालकाला काहीही मिळाले नाही. नऊ दिवसांच्या कागदाने सगळी गाडी गिळली. तात्पर्य, दाराला कुलूप लावण्याइतकेच कागदांची मुदत पाहणे हेही राखणीचेच अंग आहे.

किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली तर काय? १९९८ मध्ये दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्याने गाडीची किल्ली नोकराकडे दिली आणि गाडी चोरीस गेली. 'मालकाच्या जबाबदारीवर' असे पावतीवर छापले होते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, गाडी ताब्यात घेतल्यावर तिची योग्य काळजी घेतल्याचे हॉटेलने दाखवले पाहिजे. छापील ओळीआड त्याला लपता येणार नाही. पैसे घेऊन किल्ली ठेवून घेणाऱ्या तळवाल्यांनाही हे ऐकवण्यासारखे आहे. म्हणून किल्ली दिलीत तर पावती घ्या आणि ती जपून ठेवा.

आणखी दोन गैरसमज थोडक्यात दूर करू. ज्याने केवळ तिऱ्हाइताच्या नुकसानीचा सक्तीचा विमा घेतला आहे, त्याला स्वतःच्या गाडीच्या चोरीबद्दल छदामही मिळत नाही. मग गाडीपाशी पहारा असो वा नसो. आणि मालवाहू गाडीच्या प्रमाण पॉलिसीत, गाडी जागेवर राहून नुसती जोडसामग्री चोरीस गेली तर तिची भरपाई नसते. गाडीतला माल आणि कॅराव्हॅनमधील कुटुंबाचे सामान ह्यांचा विमा तर वेगळाच घ्यावा लागतो. तेव्हा काय विकत घेतले आहे, हे हप्ता भरण्यापूर्वी पाहावे. चोरी झाल्यावर नव्हे.

चोरी झालीच तर पहिला तास महत्त्वाचा. ११२ ला कळवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे हद्दीचे कारण सांगून पोलीस तक्रार नाकारू शकत नाहीत. कोणत्याही ठाण्यात ती नोंदवता येते. परमुलखात असलेल्या ड्रायव्हरला हा मोठा आधार आहे. तक्रारीत गाडी कोठे उभी होती, किती वाजता उतरलो, का उतरलो, दारे कशी होती, किल्ली कोठे होती, हे जसे घडले तसे लिहावे. किल्ली गाडीत राहिली असेल तर तसे लिहावे; खोटे सांगून शंभर टक्के मिळवायला जाणारा माणूस ७५ टक्केही घालवून बसतो. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्यात, कारण त्या मागितल्या जातात. कंपनीला कळवण्यास उशीर झाला तरी केवळ तेवढ्यावरून खरा क्लेम फेटाळू नये, असे विमा नियामकाने २०११ च्या सप्टेंबरात बजावले. ट्रकच्याच एका प्रकरणात, पोलिसांना तत्काळ कळवले होते म्हणून, कंपनीला सुमारे पाच महिन्यांनी कळवूनही सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मालकाच्या बाजूने निकाल दिला. नकार आला तर ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, गाडीची विमा-किंमत दहा लाख आहे आणि साडेसात लाख मिळाले. उरलेले अडीच लाख कोणाचे? मालक ड्रायव्हरकडे पाहतो. पण वेतन कायद्याने ह्याला बांध घातला आहे. ड्रायव्हरच्या ताब्यात दिलेल्या वस्तूची हानी त्याच्याच कसुरीमुळे झाली असेल, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली असेल, तरच कपात करता येते. आणि सर्व कपाती मिळून एका वेतनकाळातील वेतनाच्या निम्म्यापलीकडे जाता कामा नयेत. हे जुन्या कायद्यातही होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. दोन महिन्यांचा पगार अडकवून ठेवणे, लायसन काढून घेणे, कोऱ्या कागदावर सही घेणे, ही वसुली नव्हे, जुलूम आहे.

ह्याहून खोलवरचा प्रश्न असा की, ड्रायव्हर गाडी का सोडतो? तो माणूस आहे म्हणून. त्याला भूक लागते, शौचाला जावे लागते, झोप येते. राखण करायला दुसरा माणूस लागतो आणि भाडे परवडत नाही म्हणून क्लीनर काढून टाकला जातो. एकाच माणसाने गाडी चालवावी, माल सांभाळावा, रात्रभर जागावे आणि सकाळी पुन्हा चक्र धरावे, ही काळजी वाजवी आहे काय? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने रोजचे काम आठ तास ठरवले, पाच तासांनंतर विश्रांती सांगितली आणि जेथे कामगाराला रात्री मुक्काम करावा लागतो तेथे विश्रांतिगृह देण्याचे बंधन मालकावर घातले. तो कायदा आता व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत सामावला गेला आहे आणि रात्रीच्या मुक्कामाच्या विश्रांतीचे तत्त्व तेथेही आहे. साठ वर्षांहून अधिक काळ हे बंधन कागदावर आहे; रस्त्यावर मात्र ड्रायव्हर अजून ढाब्याच्या खाटेवर एक डोळा उघडा ठेवून निजतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. विमेदाराने वाजवी काळजी घ्यावी, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. पण काळजी घेणे शक्य होईल अशी परिस्थितीही असली पाहिजे. कुंपण, उजेड, शौचालय आणि पहारेकरी असलेले तळ महामार्गावर हवेत. प्रत्येक गाडीत पॉलिसीच्या अटींचा मराठी आणि हिंदी तर्जुमा ठेवलेला हवा आणि कामावर घेताना मालकाने तो ड्रायव्हरला वाचून दाखवला पाहिजे. संघटनांनीही मोर्चाइतकेच महत्त्व ह्या वाचनाला द्यावे. ज्या कागदाच्या जोरावर आपला पगार कापला जातो, तो कागद वाचता येणे हा कामगाराचा पहिला हक्क आहे.

आपण येथून घरी जाल तेव्हा आपापली पॉलिसी काढून 'वाजवी काळजी' ही अट एकदा शोधून वाचा. ज्यांच्या पदरी ड्रायव्हर आहे त्यांनी त्यालाही शेजारी बसवून वाचा. तेवढे झाले तरी आजच्या तासाचे चीज झाले, असे आम्ही समजू.